नोंदणी-नकार (व्यापारचिन्हे व पेटंट)

व्यापारचिन्हाचा किंवा पेटंटचा अर्ज नोंदणी अधिकाऱ्याने फेटाळणे. अशा आदेशाविरुद्ध व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 91 खाली आणि पेटंट कायदा, 1970 च्या कलम 117-अ खाली तीन महिन्यांत अपील करता येते. एप्रिल 2021 पर्यंत ही अपिले बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. मंडळ बरखास्त झाल्यावर ती उच्च न्यायालयांकडे आली. नागपूरकरांचे दोन्ही प्रकारचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

व्यापारचिन्ह नाकारण्याची कारणे मुख्यतः दोन कलमांत आहेत. कलम 9 नुसार मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान एवढेच सांगणारे चिन्ह कोणा एकाच्या नावे होत नाही. म्हणूनच संत्र्यांसाठी नुसते ‘नागपूर’ हे नाव एखाद्या व्यापाऱ्याला मिळणे कठीण; ते साऱ्या बागायतदारांचे आहे, आणि 2014 मध्ये नागपुरी संत्र्याची भौगोलिक निर्देशन म्हणून झालेली नोंदणी हाच त्यावरचा योग्य मार्ग होता. मात्र दीर्घ वापराने चिन्हाला स्वतःची ओळख आल्याचे अर्जदाराने सिद्ध केले, तर याच कलमात सवलत आहे. कलम 11 आधीच्या चिन्हांशी साम्य असल्यास लागू होते.

साम्य कसे जोखावे, याचा पाया मुंबईतून गेलेल्या एका खटल्याने घातला. 1949 मध्ये शांग्रिला फूड प्रॉडक्ट्सने बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ची नोंदणी मागितली. ग्लुकोज पावडरसाठी ‘ग्लुकोविटा’ वापरणाऱ्या कॉर्न प्रॉडक्ट्स कंपनीने हरकत घेतली. उपनिबंधकांनी हरकत फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ती मान्य केली. द्विसदस्य खंडपीठाने तो निकाल फिरवला. अखेर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी नाकारली. दोन्ही शब्द शेजारी ठेवून अक्षरे मोजायची नाहीत, अर्धवट आठवणीवर खरेदी करणाऱ्या सामान्य ग्राहकाच्या मनात गोंधळ होईल का ते पाहायचे, ही कसोटी त्यातून रूढ झाली. ती आजही तितकीच न्याय्य वाटते.

पेटंटमध्ये सर्वाधिक गाजलेला नकार नोव्हार्टिसच्या ‘ग्लिवेक’ या कर्करोगाच्या औषधाचा. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) च्या आधारे तो कायम केला; ज्ञात पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी नसेल, तर हे कलम त्याला शोध मानत नाही. रोजच्या अपिलांत प्रश्न साधा असतो : नकाराची कारणे दिली आहेत का? अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले की, शोधात नावीन्याची पायरी नाही असे म्हणताना आधीचे ज्ञान काय होते, अर्जातला शोध काय आहे आणि जाणकाराला तो उघड का वाटावा, हे आदेशात आले पाहिजे. व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 18(5) देखील निबंधकाला कारणे लेखी नोंदवायला सांगते. तरीही दोन-चार ओळींचे साचेबद्ध आदेश निघतात, ही गंभीर उणीव आहे. परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे. आदेशलेखन हा तिथल्या शिक्षणाचा गाभा असायला हवा.

कारणांविना दिलेला आदेश रद्द करून न्यायालय बहुधा अर्ज फेरसुनावणीला पाठवते. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीतल्या छोट्या उद्योजकाला हा फेरा महाग पडतो, कारण पेटंटची 20 वर्षांची मुदत अर्जाच्या तारखेपासूनच मोजली जाते आणि अपिलात गेलेला काळ तीत भरून मिळत नाही.