मूर्तींचा नैवेद्य (करिंथ येथील वाद)
इ.स. ५० नंतरच्या दशकात ग्रीसमधील करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत उद्भवलेला वाद. आपल्याला मोकळीक असलेली गोष्ट दुसऱ्याखातर सोडावी का, या प्रश्नाचा ख्रिस्ती नीतिविचारातील मूळ ऊहापोह प्रेषित पौलाने याच निमित्ताने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात केला (१ करिंथ ८–१०).

देवळात बळी दिलेल्या जनावराचा काही भाग वेदीवर जाई, काही पुजाऱ्यांना व यजमानांना मिळे, उरलेले मांस बाजारात येई. मेजवान्याही देवळाच्या आवारात झडत. ॲस्क्लीपिअसच्या देवळालगतची भोजनगृहे उत्खननात सापडली आहेत. गरिबाला मांस मिळे ते बहुधा सणाला, म्हणजे देवाच्या नावानेच. गेर्ड थाइसेन या जर्मन अभ्यासकाने या वादामागची गरीब-श्रीमंतांमधली ही आर्थिक दरी दाखवून दिली.

जाणती मंडळी म्हणत, मूर्ती मुळात काहीच नाही, मग तिचा नैवेद्य खाल्ल्याने काय बिघडले? पौलाला हे तत्त्व मान्य आहे. पण कालपर्यंत त्याच मूर्तीपुढे हात जोडणाऱ्याला तो घास अजून पूजेचाच वाटतो. जाणत्याला देवळात जेवताना पाहून तोही मन मारून खाईल आणि आतून मोडेल, ही पौलाची खरी काळजी. अशा बंधूसाठी मांस कायमचे सोडायला तो तयार आहे. त्याचा सल्ला असा: बाजारातले मांस चौकशी न करता घ्यावे, कुणाच्या घरी वाढलेले खावे. मात्र ‘हा नैवेद्य आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याखातर थांबावे. देवळातल्या पंगतीला दहाव्या अध्यायात साफ मनाई आहे.

दुर्बळ बंधूला ‘अडखळण’ होऊ नये असे पौल म्हणतो, ती ‘अडखळण’ म्हणजे कुणाची नाराजी नव्हे. दुसऱ्याला त्याच्या विवेकबुद्धीविरुद्ध वागायला लावणे. हा फरक पुसला गेला की हीच शिकवण कुरकुरणाऱ्यांच्या हातचे हत्यार बनते, आणि मंडळ्यांत ती अनेकदा तशी वापरली गेली आहे. पौल स्वतः सरसकट नमला नाही. त्याने यहुद्यांखातर आपला सहकारी तीमथ्य याची सुंता केली, पण तीत या दुसऱ्या सहकाऱ्याच्या सुंतेसाठी दबाव आला तेव्हा नकार दिला. अंत्युखियात पेत्र गैरयहुद्यांच्या पंगतीपासून दूर होऊ लागला, तेव्हा त्याला तोंडावर सुनावले.

मार्च १५२२ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये दिलेल्या आठ प्रवचनांचा सूर हाच होता: सुधारणा योग्य असली, तरी दुर्बळांना फरफटत नेऊ नये. महाराष्ट्रात, १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई शाकाहारीच राहिल्या. १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनातही त्यांनी हिंदू विधवांना जेवणाखाण्याचे आपले नेम पाळण्याची मुभा ठेवली.