'करवियलें'मधला 'व'

आपल्या नौपाड्याच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवतोय का? बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'मूल हसते. आई मुलाला हसवते.' हसणारा एक, हसवणारा दुसरा. म्हणून 'हसवणे' हे प्रयोजक क्रियापद. चाचणीत मी 'करवले'च्या जागी 'केले' लिहिलं आणि अर्धा गुण गेला. एका 'व'साठी! मी खूप चिडले होते.

त्या 'व'चं वय मला गेल्या वर्षी कर्नाटकात, श्रवणबेळगोळला कळलं. तिथल्या सुमारे ५८ फुटी गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांपैकी दोन आहेत. चावुंडराजें करवियलें, गंगराजें सुत्ताले करवियलें. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची, गंगांचा मंत्री चावुंडराय याने घडवून घेतलेली. 'सुत्ताले' म्हणजे भोवतीचा परकोट. तो होयसळांचा सेनापती गंगराज याने बाराव्या शतकात बांधवला.

'राजें'मधला 'एं' म्हणजे आजचा 'ने'. 'करवियलें' म्हणजे आजचं 'करविलं'. 'कर' हा धातू, 'व' प्रयोजकाचा, पुढचा प्रत्यय भूतकाळाचा. चावुंडरायाबद्दलचं हेच वाक्य तिथे कन्नडात 'माडिसिदं' आणि तमिळात 'शेय्वित्तान' असं आहे. तिन्ही क्रियापदं प्रयोजक. छिन्नी चालवणाऱ्यांची नावं या ओळींत नाहीत; पण हात दुसऱ्यांचे होते, हे तिन्ही भाषांनी मान्य केलंय.

याउलट अथेन्सचा एक्सेकियास. इ.स.पूर्व सहाव्या शतकातला हा कुंभार आपल्या भांड्यांवर नाव घालून पुढे 'एपोइएसे' लिही, म्हणजे सरळ 'केले'. त्याला तो हक्क होता. माती त्याच्याच हाताला लागलेली होती.

आणि मी? वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या बायोडेटात एका मोठ्या प्रणालीपुढे 'मी तयार केली' असं होतं. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक कोड टीममधल्या दोन नवख्या मुलींनी लिहिला होता. श्रवणबेळगोळहून परतल्यावर ते वाक्य आधी दुरुस्त केलं. नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या राजपुरुषांनी पाळलेला 'व' मी गाळला होता, तोही दुसऱ्यांदा.

बाई, मला व्याकरण करवत नव्हतं, ते तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत. यात पहिला 'व' शक्य क्रियापदाचा, दुसरा प्रयोजकाचा. बरोबर ना?

मग तो अर्धा गुण आता परत मिळेल का?