रक्तक्षय आणि पालेभाजी : मुंबईंतील एका शोधाची कथा

इ. स. १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स नांवाच्या एक इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. शहरांतील गरीब स्त्रियांना, विशेषतः कापडाच्या गिरण्यांशीं संबंध असलेल्या वर्गांत, गरोदरपणीं एक भयंकर रक्तक्षय होत असे. त्याचें कारण शोधणें हें त्यांचें काम होतें. रोगी स्त्री पांढरीफटक पडे, चार पावलें चालतांच तिला धाप लागे, आणि पुष्कळदां माता व मूल दोघेंहि दगावत. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यास रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, परंतु आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. केवळ लोह देऊन हा रोग हटण्यासारखा नव्हता.

रोग जंतूंचा कीं अन्नाचा, हा पहिला प्रश्न. विल्सबाईंनीं रोग्यांच्या आहाराची बारकाईनें चौकशी केली. फळें, भाज्या, दूध यांची जेथें वाण, तेथेंच हा रोग अधिक, असें त्यांना दिसून आलें. मग उंदरांवर प्रयोग झाले. गरिबांच्या आहारासारखें अन्न दिलेल्या उंदरांना रक्तक्षय झाला व यीस्ट घालतांच तो टळला. पुढें कळलें कीं, या उंदरांच्या रोगांत उवांमार्फत पसरणाऱ्या जंतूंचाहि हात होता. म्हणजे पुरावा सदोष, पण दिशा मात्र खरी! नंतर माकडांवर प्रयोग झाले. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारांत ‘मार्माइट’ या नांवानें मिळणारा स्वस्त पदार्थ, देतांच तीं सुधारलीं. तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्यांच्याहि रक्तांत नव्या पेशी झपाट्यानें वाढूं लागल्या. १९३१ सालीं हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला.

येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. १९२६ सालीं बोस्टनच्या मायनॉट व मर्फी यांनीं दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर यकृताचा उपाय सिद्ध केला होता. परंतु त्या रोगावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क या स्त्रियांना लागू पडेना. कच्चा अर्क मात्र लागू पडे. अर्थात् शुद्धीकरणांत कांहीं तरी निसटत होतें. त्या अज्ञात द्रव्यास ‘विल्सचा घटक’ असें नांव पडलें.

१९४१ सालीं अमेरिकेंत मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनीं सुमारें चार टन पालक वापरून एक द्रव्य वेगळें काढलें आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचें नांव ‘फॉलिक अ‍ॅसिड’ ठेवलें. १९४५ सालीं लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. तेथील संशोधनाचे प्रमुख भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. त्यांचा भाऊ संग्रहणीसारख्या ज्या विकारानें गेला, त्यावरहि हें द्रव्य उपयोगी पडलें.

ब-वर्गांतील हें जीवनसत्त्व नव्या पेशी घडविण्यास अवश्य असतें. म्हणून गर्भ वाढतांना त्याची गरज वाढते. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, ज्या मातांना पूर्वीं मज्जारज्जूचें व्यंग असलेलें मूल झालें होतें, त्यांना गर्भधारणेपूर्वींपासूनच हें दिल्यास तें व्यंग शेंकडा ७२ नें टळतें, असें आढळलें. मात्र ब-१२ च्या अभावांत नुसतें फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास रक्त सुधारतें, पण मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते. म्हणून वैद्याचा सल्ला हवा.

मेथी, पालक, हरभरा, मूग, भुईमूग यांत हें द्रव्य भरपूर असतें. परंतु भाजी फार वेळ उकळून तिचें पाणी टाकून दिलें कीं तें नाहींसें होतें. गरोदर स्त्रियांना सरकारी आरोग्यकेंद्रांत आज लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात. त्या लहानशा गोळीमागें मुंबईच्या गरीब आयांचें दुःख आणि त्यांच्या ताटांत काय कमी आहे हें पाहणारी एका स्त्रीची दृष्टि उभी आहे.