51 किलोंच्या आत

1910 च्या आसपासचं दक्षिण वेल्स. कोळशाच्या खोऱ्यातल्या जत्रेत तुम्ही जॅक स्कॅरटच्या मुष्टियुद्धाच्या तंबूत शिरता. घाम, ओलं कापड, तंबाखू. समोर धिप्पाड खाणकामगार दंड थोपटतोय आणि त्याच्याशी लढायला रिंगमध्ये चढतो एक काटकुळा पोरगा. बरगड्या मोजून घ्याव्यात! हे थांबवावं, असं तुम्हाला वाटतं. पोराचे हात कमरेपाशी लोंबताहेत, जणू बचाव ठाऊकच नाही. मग ठोसा बसतो. कुठून आला ते दिसलंच नाही. दिसतो तो फळ्यांवर आडवा झालेला खाणकामगार.

हा जिमी वाइल्ड. टायलर्सटाउनच्या खाणीत, मोठ्या माणसांचं अंग शिरणार नाही अशा कपारींत घुसून त्यानं कोळसा फोडलाय. त्या खांद्यांतली ताकद तिथलीच, असं मला वाटतं.

आता 18 डिसेंबर 1916. महायुद्धात दिवे मंदावलेलं लंडन, हॉबर्न. अमेरिकेचा यंग झुलू किड अकराव्या फेरीत कोसळतो आणि वाइल्ड फ्लायवेटचा जगज्जेता ठरतो. या गटाची मर्यादा 112 पौंड, म्हणजे जेमतेम 51 किलो. वाइल्ड त्याहूनही हलका! वजनी गट असतात ते लहान चणीच्या माणसाला वाचवायला. या माणसाला ते संरक्षण क्वचितच मिळालं.

13 जानेवारी 1921 च्या रात्री हे तुम्ही अल्बर्ट हॉलमध्ये डोळ्यांनी पाहता. समोर न्यू ऑर्लीन्सचा पीट हर्मन, वरच्या बँटमवेट गटातला. वजनावरून तंटा पेटलाय. वाइल्ड लढायला तयार नाही, आणि ते रास्तच आहे. पण प्रिन्स ऑफ वेल्स येऊन बसलेत. त्यांना रिकामं कसं परतवायचं? तो रिंगमध्ये उतरतो. हर्मन अंगाला भिडतो, बरगड्यांवर मारत राहतो. वाइल्डचे पाय जड होत चाललेले तुम्हाला दिसतात. सतराव्या फेरीत तो दोरांमधून बाहेर फेकला जातो, परत येतो, पुन्हा फेकला जातो. शेवटी पंचच लढत थांबवतात. राजपुत्राच्या एका संध्याकाळसाठी केवढी ही किंमत! तुम्ही संतापानं मुठी आवळता.

दोन वर्षांहून अधिक काळ तो रिंगपासून दूर राहतो. मग 18 जून 1923, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. वाइल्ड 31 वर्षांचा. समोर फिलिपिन्सचा पांचो व्हिला, 21 वर्षांचा आणि त्याच्याइतकाच चिमुकला. इथे वजनाचा तंटा नाही. जत्रेतल्या त्या पोराचीच भूक आता समोरच्या कोपऱ्यात उभी आहे. वाइल्डचे डोळे सुजून मिटत आलेत, तरी तो मागे सरत नाही. सातव्या फेरीत व्हिलाचा उजवा ठोसा बसतो आणि वाइल्ड तोंडघशी पडतो. पंच आकडे मोजतात. फिलिपिन्सला पहिला जगज्जेता मिळालेला असतो.