अचलपूर आणि सरकती सीमा

मूर्तिजापूरहून सुटणारी शकुंतला आता बंद पडली आहे. तिच्याच अरुंद डब्यात बसून मी पहिल्यांदा अचलपूरला गेलो. अंजनगाव मागे पडल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, "कोठी चालले?" मी म्हटले, "अचलपूर." "थे कागदावर हाय ना बाप्पा! आमचं एलिचपूर."

एलिचपूर हा साहेबांनी केलेला अपभ्रंश, अशी माझी शाळकरी समजूत होती. पुढे कळले, की बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या एका गावासाठी नियम घातला आहे : अचलपुरातल्या 'च' आणि 'ल' यांची अदलाबदल होऊन अलचपूर होते. म्हाताऱ्याचा उच्चार साहेबाहून कित्येक शतके जुना निघाला! ईल राजावरून नाव पडल्याची दंतकथा लोक आवडीने सांगतात, सांगोत बापडे.

सातपुडा उतरून दक्षिणेत शिरण्याच्या वाटेवर हे गाव बसले आहे. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर गेला तो येथूनच. अहमदशहा बहामनीने 1425 साली गाविलगड बांधून काढला. पुढे इमादशाहीची राजधानी येथे नांदली. 1574 साली अहमदनगरने ती बुडवली. 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीने गाविलगड घेतला.

पण गड पडल्याने जी हानी झाली नाही ती रुळांनी केली. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावतीस आले, पश्चिमेचे अकोल्यास. 1860 नंतरच्या दशकात मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला, बडनेऱ्यावरून गेला. त्यामागून कापूस गेला, कापसामागून अडते, वकील, शाळा. 1905 साली एलिचपूरचा जिल्हाही मोडून अमरावतीत घातला. मी अमरावतीचा. आमच्या जिनांचा आणि बाजाराचा तोरा मी लहानपणापासून मिरवला; तो काही अंशी या राजधानीच्या वाट्यातला होता, हे कळल्यावर जरा ओशाळलो. शकुंतलेचा छोटा फाटा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला. तोवर बाजाराचे पाय अमरावतीला रुळले होते.

राज्याची सीमा तर अगदी अलीकडची. 1903 पासून बैतूल आणि वऱ्हाड एकाच कारभारात होते, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात आले, बैतूल मध्य प्रदेशात राहिले, आणि जुनी जिल्ह्याची हद्द दोन राज्यांची सरहद्द झाली. मुक्तागिरीच्या जैन मंदिरांना जाणारे यात्रेकरू आजही परतवाड्यावरून जातात. मंदिरे मात्र पलीकडच्या राज्यात.

राष्ट्रकूट नन्नराजाने अचलपुराहून दिलेला ताम्रपट तिवरखेडला सापडला. त्यात अचलपूर हे नाव स्वच्छ कोरलेले आहे. म्हाताऱ्याचे म्हणणे एका अर्थी बरोबरच होते : कागदावर नसेल, पण तांब्यावर अचलपूर आहे. ते तिवरखेड आज बैतूल जिल्ह्यात आहे.