चीज टोस्ट आणि संध्याकाळचं दूध

आजचा भाग मी सोनाळ्याला, आमच्या घरच्या स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड केला. ऐकणाऱ्यांना मधेमधे तव्याचा चर्रर्र आवाज आला असेल आणि आईचं बोलणंही. वाचणाऱ्यांसाठी तव्याचा आवाज काढून टाकलाय, आईचं बोलणं तेवढं ठेवलंय.

सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं गाव. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं, सोनाजी महाराजांचं. मागे अंबाबरवाचं जंगल, पुढे कपाशी आणि संत्र्याची शेतं. आमच्या घरात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि हिवाळ्यात वांग्याचं भरीत हे रोजचं जेवण. अशा घरात मी परवा चीज टोस्ट करायला घेतला. साधासुधा नाही, चांगला चैनीचा. दोन प्रकारचं चीज आणि ब्रेडला बाहेरून घरचं लोणी.

आई म्हणाली, "इतकं लोणी कायले लावून राह्यला रे?"

प्रश्न लोण्याचा होता, पण मला त्यातून दुसराच प्रश्न सुचला. हे ब्रेड आणि हे चीज आमच्या चुलीपर्यंत आलं कसं? आणि ज्या घरात तीस वर्षं म्हैस होती, त्या घरात चीज बाहेरून विकत का आणावं लागतं? आजचा भाग या दोन प्रश्नांवर आहे.

आधी ब्रेड घेऊ, ती गोष्ट छोटी आहे.

खमिराची भाकर आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात रुजली. तिथे यीस्ट मिळेना, तेव्हा पीठ फुगवायला माडाची ताडी वापरली गेली. गोव्याचे पोदेर पुढे मुंबईत आले आणि पाव मुंबईचा झाला. पण टोस्टला लागतो तो चौकोनी, कापलेला ब्रेड. त्याचा जन्म वेगळा आहे. ऑटो रोहवेडर नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रेड कापायचं यंत्र बनवलं आणि ७ जुलै १९२८ ला मिसुरी राज्यातल्या चिलिकोथी गावात असा ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला. आपल्याकडे भारत सरकारने १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेचा गहू जहाजांनी येत होता, आणि त्या काळात सरकारी ब्रेड शहरांत घराघरांत पोचला. पुढे २००० साली हीच कंपनी सरकारने हिंदुस्थान लिव्हरला विकली. आमच्याकडे मात्र ब्रेड बराच काळ आजारी माणसाचं खाणं होतं. ताप आला की शेगावहून किंवा अकोटहून कोणीतरी पुडा आणायचं, आणि तो दुधात बुडवून खायचा.

आता चीजकडे येऊ.

दुधाची सगळ्यात मोठी अडचण काय, तर ते थांबत नाही. कापूस घरात ठेवता येतो, तूर कोठीत ठेवता येते, भाव पडला तर महिनाभर वाट बघता येते. सकाळचं दूध दुपारी विकलं गेलं नाही तर त्याला भाव उरत नाही. जगभर माणसांनी यावर आपापले उपाय शोधले. आपण दही लावलं, ताक केलं, लोणी काढलं, तूप कढवलं. आपल्या उन्हात सगळ्यात जास्त टिकतं ते तूप. युरोपात थंड तळघरं होती. तिथे वासराच्या जठरातलं रेनेट घालून दूध गोठवलं, पाणी पिळून काढलं, मीठ लावलं आणि महिनोन्‌महिने मुरवलं. साधारण १० लिटर गाईच्या दुधाचं १ किलो चीज होतं. म्हणजे चीज हे थांबायला शिकलेलं दूध आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण तेही उष्ण हवेत टिकेना. स्वित्झर्लंडमधल्या थुन गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ मध्ये त्यावर तोड काढली. त्यांनी चीज किसून, सायट्रेटचं मीठ घालून वितळवलं आणि पुन्हा गोठवलं. हेच प्रोसेस्ड चीज. अमेरिकेत जेम्स क्राफ्टने १९१६ मध्ये स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पहिल्या महायुद्धात त्याचं डबाबंद चीज सैन्याला गेलं.

हे मीठ करतं काय? चीजमधलं प्रथिन कॅल्शियमने एकमेकांना घट्ट धरून असतं. मीठ ते कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं, प्रथिनं सैल होतात आणि चरबीला धरून ठेवतात. म्हणून साधं मुरवलेलं चीज जास्त तापलं की तेल सोडतं, आणि प्रोसेस्ड चीज मऊ, एकसंध वितळतं. तुमच्या टोस्टमध्ये जी मऊ ओल असते ती या १९११ च्या युक्तीची.

स्वस्त प्रोसेस्ड चीज आणि कापलेला ब्रेड एकाच दशकात दुकानात आले, आणि १९३० च्या मंदीत अमेरिकेत चीज सँडविच हे गरिबाचं पोटभरीचं खाणं झालं. फ्रान्समध्ये क्रोक मस्यू त्याआधीच कॅफेत मिळत होता. आपल्या हातटोस्टरसारखं, दांडीचं, दोन पाळ्यांत ब्रेड दाबून भाजायचं साधन ऑस्ट्रेलियात अर्नेस्ट स्मिथर्स या डॉक्टरने १९४९ मध्ये पेटंट केलं. तिकडे त्याला जॅफल म्हणतात. तिकडच्या गरिबाचं खाणं आमच्याकडे चैन झालं, यातली गंमत लक्षात ठेवा.

आता मुंबई.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत चांगल्या दुधाची ओरड होती. १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना सुरू केली आणि गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून, चारशेहून जास्त किलोमीटरवरून दूध आणायचं ठरलं. ते गोळा करायचं काम पोल्सन कंपनीकडे होतं. मुंबईत दुधाला चांगला भाव मिळत होता, पण तो शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हता. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावात मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि ठरलं की दूध विकायचंच नाही. १५ दिवस मुंबईला खेड्याचं दूध गेलं नाही. मग त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ ला संघाची नोंदणी झाली. सुरुवात दोन गावांच्या संस्था आणि दिवसाला साधारण २५० लिटर दूध इतकीच.

आता आपल्या टोस्टशी थेट संबंध असलेला भाग. म्हशी हिवाळ्यात जास्त दूध देतात, उन्हाळ्यात कमी. मुंबईची गरज मात्र बारा महिने सारखी. हिवाळ्यातलं जादा दूध मुंबई घेईना. शेतकऱ्याच्या दारात ते वाया जायची वेळ आली. १९४९ मध्ये आणंदला आलेल्या वर्गीस कुरियन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. उत्तर होतं दुधाची भुकटी आणि लोणी करायचा कारखाना. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं परदेशी जाणकार सांगत होते. कुरियन यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफ आणि न्यूझीलंडची मदत मिळाली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला पंडित नेहरूंनी कारखान्याचं उद्‌घाटन केलं. त्यानंतर काही वर्षांतच तिथे म्हशीच्या दुधाचं चीजही तयार होऊ लागलं. म्हणजे अमूलच्या चीजचं मूळ आहे हिवाळ्यात उरलेलं दूध. परदेशी चवीची हौस नंतर आली.

१९६३ चा मॅगसेसे पुरस्कार कुरियन, त्रिभुवनदास पटेल आणि मुंबई दूध योजनेचे दारा खुरोदी या तिघांना मिळून मिळाला. गावाकडचं दूध आणि शहराची तहान, दोन्ही टोकांची माणसं एका यादीत आली.

महाराष्ट्रातही पुढे चीज तयार होऊ लागलं. १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आलं तेव्हा त्यांच्या बर्गरमधली चीजची चकती बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून जात होती. पुणे जिल्ह्यातल्याच मंचरला १९९२ मध्ये पराग मिल्क फूड्स सुरू झाली, ती आज गो नावाने चीज विकते. परवा माझ्या तव्यावरचं एक चीज गुजरातचं होतं आणि दुसरं पुणे जिल्ह्यातलं.

आणि आमच्या वऱ्हाडातलं?

इथे मला घरचं सांगायला लागतं. आमच्याकडे एक म्हैस असायची, कधी दोन. सकाळचं दूध नेणारा माणूस यायचा. संध्याकाळचं दूध न्यायला कोणी येत नव्हतं. सकाळी परत जा म्हटलं तर रात्रीचं दूध आहे म्हणून भाव पाडायचा. मग संध्याकाळचं दूध घरातच जिरायचं. दही, ताक, लोणी, तूप. लहानपणी मला वाटायचं आमच्याकडे किती चैन आहे, भाकरीवर लोण्याचा गोळा! ते लोणी म्हणजे न विकलं गेलेलं दूध होतं, हे फार उशिरा कळलं. ढेपेचे पैसे दोन्ही वेळच्या दुधाला लागायचे, मिळायचे एका वेळचे. एका उन्हाळ्यात कडबा महाग झाला आणि बाबांनी म्हैस विकली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढं आठवतं.

हे फक्त आमच्या घरचं नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. शेतकरी आत्महत्या करत होते. त्या सहांत बुलढाणा होता. त्या पॅकेजमध्ये जोडधंदा म्हणून दुभती जनावरं देण्याचाही भाग होता. जिथे चारा आणि पाणी कमी, तिथे जास्त खाणाऱ्या संकरित गाई दिल्या तर शेतकरी आणखी अडचणीत येतो, हे पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं होतं. आणंदमध्ये जनावर आधीच दारात होतं, तिथे आधी दुधाचा रस्ता बांधला गेला. दोन्ही वेळचं संकलन, फॅटप्रमाणे पैसे, उरलेल्या दुधासाठी कारखाना. आपल्याकडे आधी गाय आली आणि रस्ता नंतर शोधायचा राहिला. माझ्या मते फरक इथेच आहे.

बरं, तवा तापलाय. आता कृती सांगतो, कारण ती विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही.

पहिल्या वेळी मी घरी दूध फाडून पनीर केलं होतं, म्हटलं आपलंच चीज वापरू. पनीर वितळलंच नाही, करपलं. लिंबाच्या आंबटाने दुधातलं कॅल्शियम निघून जातं, प्रथिनांचा गोळा होतो, मग तो कितीही तापवा, मऊ होतो पण वाहत नाही. म्हणून आता प्रोसेस्ड चीज किसून घेतो मऊपणासाठी, आणि थोडं मोझरेला तारांसाठी. ब्रेड कालचा बरा, ताजा लगदा होतो. ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला लोणी अगदी कडेपर्यंत लावायचं, कारण कडा आधी सुकतात. आतून एका स्लाइसला हिरव्या मिरचीचा ठेचा, पातळ. त्यावर चीज, बारीक कांदा, पुन्हा चीज. कांदा दोन्हीकडून चीजमध्ये अडकला म्हणजे सुटत नाही. लोखंडी तवा मंद आचेवर. वर झाकण, म्हणजे ब्रेड लाल होईपर्यंत आतलं चीज वितळतं. एका बाजूला तीन-चार मिनिटं, उलटून पुन्हा तेवढीच. आच मोठी केली तर बाहेर काळं आणि आत गार, ठरलेलं. उतरवल्यावर एक मिनिट थांबा, मग कापा. नाहीतर सगळं चीज ताटात.

आईने अर्धा खाल्ला आणि म्हणाली, ठेचा कमी झाला. बाबांनी तार ताणून बघितली, आणि पुडा हातात घेऊन त्यावरची तारीख वाचली. कितीतरी महिन्यांनंतरची होती.

म्हणाले, "आपलं संध्याकायचं दूध इतके दिवस टिकलं असतं, तं म्हैस इकाचं काम पडलं नसतं."

मराठीत कष्टाला योग्य मोल मिळालं की आपण म्हणतो, चीज झालं. तो शब्द फारसीतून आला आणि हा इंग्रजीतून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण बाबा बोलले तेव्हा मला दोन्ही एकदम ऐकू आले.

तुमच्या गावात संध्याकाळचं दूध कुठे जायचं, आता कुठे जातं, हे मला जरूर कळवा. त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. आणि हो, लोणी कमी लावू नका. भेटूया पुढच्या भागात.