मारुतीच्या कमरेला पाणी

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, गंगेला पूर आलाय म्हणे. किती पाणी आहे?" मी सवयीने म्हणालो, "मारुतीच्या कमरेला लागलंय." तो गप्पच झाला. मग म्हणाला, "म्हणजे किती फूट?"

मंडळी, जुन्या नाशिककराला हा प्रश्न पडत नाही. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. गुडघा, कंबर, छाती, गळा, एवढ्या चार शब्दांत गावभर बातमी पोचायची. त्यापुढचा मोठा पूर म्हणजे नारोशंकराच्या घंटेला पाणी. देऊळ १७४७ चं, घंटा १७३९ च्या वसईच्या विजयातली.

१९६९ च्या पुराच्या वेळी मी कॉलेजात होतो. वाड्यात फोन नव्हता. "पाणी कमरेला!" असं ओरडत एक मुलगा गल्लीतून पळत गेला. शब्द एकच, पण भांडीबाजारातल्या दुकानदारांनी खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतला आणि आमच्या वडिलांनी निवांत चहा मागवला. आमचा वाडा उंचावर होता. कमरेला पाणी म्हणजे आपल्या दाराशी काय, हे ज्याचं त्याला पाठ होतं. म्हणून निरोप एवढा छोटा असून चालायचा.

वडील चुकले ते आत्याच्या बाबतीत. आत्या सायखेड्याला. "कमरेलाच आहे, तिकडे काही होत नाही," असं म्हणून त्यांनी माणूस पाठवला नाही. पण सायखेड्याच्या आधी गंगेला नासर्डी मिळते, दारणा मिळते. ते पाणी आमच्या मारुतीला कसं कळणार? आत्याच्या घराची मागची भिंत बसली, कणगीतली बाजरी भिजली. माणसं वाचली, एवढंच. आत्या कधी बोलली नाही, पण वडिलांच्या मनातून ते गेलं नाही. पुढे दर पावसाळ्यात ते आधी विचारायचे, "दारणेला किती आहे?"

आता गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते मोबाईलवर येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आकडा नेमका, पण तो धरणाच्या दाराशी. मधल्या भागात पाऊस झाला की होळकर पुलाखालचा आकडा त्याहून मोठा होतो. आणि आपल्या उंबऱ्याचं गणित कुठल्याच आकड्यात नसतं. २०१६ आणि २०१९ च्या पुरातही लोक आधी मारुतीचाच फोटो शोधत होते.

असो. नातवाला सांगितलं, दिवाळीत ये, घाटावर नेऊन दाखवतो. तुमच्या गावच्या नदीला अशी खूण आहे का? जरूर लिहा.